जिंकलो तरी काही नाही, हरलो तरी काही नाही

वाचकाचा प्रश्न: पुण्यातला एक वाचक, वय ३३, आयटीत नोकरी, हातात येणारा पगार सव्वा लाखाच्या आसपास, त्यातले ४२ हजार फ्लॅटच्या हप्त्यात जातात. लॉकडाउनमध्ये मित्रांनी पोकर शिकवलं आणि मग ॲपवर रोज रात्री चार-चार टेबलं उघडून खेळायची सवय लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, ॲप्सनी पैशांचे डाव बंद केले, तेव्हापासून महिन्यातून दोन वीकएंड पणजीला, मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर १००/२०० चा कॅश गेम (म्हणजे दर डावाला दोघा खेळाडूंनी सक्तीने लावायच्या रकमा, स्मॉल ब्लाइंड १०० आणि बिग ब्लाइंड २०० रुपये). घरी दर वेळी सांगून जातो असं नाही, कधी "ऑफिसचं काम आहे" म्हणून पण निघतो. तो लिहितो की सुरुवातीला २ हजार हरले तरी रात्रभर छताकडे बघत पडायचो, जिंकले तर पहाटे मित्राला उठवायचो. आता एका रात्रीत तीन बाय-इन (टेबलवर बसायला घेतलेल्या चिप्सची रक्कम), म्हणजे ६० हजार गेले आणि खाली येऊन शांतपणे चहा-भजी खाल्ली. त्याआधी एका टुर्नामेंटमध्ये टीडीएस कापून ३ लाख ८० हजार मिळाले तेव्हाही काही वाटलं नाही, ते पैसे बँकरोलला, म्हणजे खेळासाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशांना, जोडले, विषय संपला. बोटीवरच्या या दहा महिन्यांत एकंदरीत प्लसमध्ये आहे असंही तो लिहितो. कुठला हँड, म्हणजे डाव, कसा खेळलो तेही आता फारसं आठवत नाही. "फक्त टेबलवरून उठायची वेळ आली की चिडचिड होते, बाकी एकदम शांत." मित्र त्याला रोबोट म्हणतात. बायको म्हणते घरीसुद्धा असाच झालायस, बहिणीला मुलगी झाली तर फोनवर "अरे वा" म्हणून ठेवून दिलास. त्याचा प्रश्न असा की ताई, ही प्रो लोकांसारखी मेंटॅलिटी तयार झालीय की माझं काही बिघडलंय? आणि भीती गेलीच आहे तर ५००/१००० च्या टेबलवर जाऊ का?

अरे, पोकरबद्दल मला जी पत्रं येतात ती सहसा याच्या बरोब्बर उलटी असतात. हरलो की डोकं फिरतं, मोबाईल आपटला, बायकोवर ओरडलो, आता काय करू. तुझ्याकडे असलं काहीच नाही, आणि खरं सांगू का, तुझ्या पत्रात मला काळजी थोडी आणि अभिमान जरा जास्त दिसला, राग मानू नकोस. "काहीच वाटत नाही" हे तू वरच्या ओळीत तक्रार म्हणून लिहितोस आणि खालच्या ओळीत तेच मोठ्या टेबलवर जायचं सर्टिफिकेट म्हणून पुढे करतोस, तर मग आधी ते नक्की काय आहे ते तरी बघू.

तुझ्या बाजूचं आधी बोलते, कारण त्यात तथ्य आहे. एक्क्यांची जोडी तुझ्या हातात, समोरच्याकडे राजांची जोडी, सगळे पैसे फ्लॉपच्या, म्हणजे टेबलवर पहिली तीन उघडी पानं यायच्या, आधीच मध्ये गेलेत, याहून चांगली परिस्थिती पोकरमध्ये क्वचितच मिळते, आणि तरीही शंभरातून साधारण १८ वेळा तो राजेवालाच पैसे ओढून नेतो. हे पहिल्यांदा घडतं तेव्हा माणूस देवाला शिव्या घालतो, पन्नासाव्यांदा घडतं तेव्हा नुसता "चल पुढचा" म्हणतो. आणि तू तर ऑनलाइन तयार झालेला. चार टेबलं म्हणजे तासाला अडीचशे-तीनशे हँड सहज होतात, बोटीवर डीलर हाताने पत्ते वाटतो तिथे तासाला पंचवीस-तीस, म्हणजे लॉकडाउनमधल्या एका रात्रीत पाच तासांत तू जेवढं बघितलंस तेवढं बघायला लाइव्हवाल्याला ५० तास बसावं लागतं. इतक्या हँडनंतर एका पॉटचं, म्हणजे एका डावात मध्ये जमलेल्या पैशांचं, सुखदुःख उरणार कुठून, मिठाईवाल्याला स्वतःच्या दुकानातला वास येत नाही तसंच ते. त्यात बोटीवर नोटा दिसत नाहीत, रंगीत चिप्स दिसतात, आणि ऑनलाइन तर तेही नाही, नुसता आकडा कमीजास्त होतो. त्यामुळे एकेका हाताच्या निकालाने तू हलत नाहीस एवढंच जर असतं तर मी म्हटलं असतं छान आहे, झोप काढ.

पण एवढंच नाहीये ना. तुझ्याच पत्रात तीन-चार गोष्टी अशा आहेत ज्या या "शांत प्लेयर"च्या चित्रात बसत नाहीत, आणि त्या तू जाता जाता लिहिल्यात.

पहिली म्हणजे हँड आठवत नाहीत. बघ, जे खरोखर चांगलं खेळतात त्यांना निकालाचं काही वाटेनासं होतं पण स्वतःच्या चुकीचं वाटणं जात नाही, उलट वाढतं. लकने हरलेला लाखाचा पॉट ते जेवताना विसरतील, आणि वीस हजाराच्या पॉटमध्ये रिव्हरला, म्हणजे शेवटच्या उघड्या पानावर, कारण नसताना मारलेला कॉल (समोरच्याने लावली तेवढी रक्कम भरणं) त्यांना चार दिवस टोचत राहील, तो ते मित्रांना विचारतील, कागदावर मांडतील, समोरच्याकडे काय काय असू शकलं असतं त्याचा हिशोब लावतील. म्हणजे भावना असते, फक्त ती नशिबावरून निघून निर्णयावर येऊन बसलेली असते. तर मला सांग, त्या ६० हजाराच्या रात्री तुझा सगळ्यात वाईट निर्णय कुठला होता? तिसरा बाय-इन टाकायचा हा निर्णय होता की हात आपोआप खिशात गेला? याचं उत्तर जर पटकन येत असेल, हँडसकट, तर मी माझे शब्द मागे घेते. येत नसेल तर तुझी शांतता म्हणजे लक्षच नसणं आहे, आणि पोकरच्या टेबलवर ज्याचं लक्ष नाही त्याच्याच जिवावर बाकीचे आठजण आपलं गोव्याचं भाडं काढतात.

इथे मला आयोवा विद्यापीठातला एक प्रयोग सांगावासा वाटतो, कारण "भावना काढून टाकल्या की निर्णय चांगले होतात" हे जे तुम्ही सगळे गृहीत धरता ना, त्याची त्याने वाट लावली. १९९० च्या दशकात अँटोनिओ दमासिओ, अँट्वान बेचारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांपुढे पत्त्यांचे चार गठ्ठे ठेवले, एकेक पान उचलायचं आणि पानावर लिहिलेले पैसे जिंकायचे किंवा हरायचे. दोन गठ्ठ्यांत मोठमोठी बक्षिसं पण त्याहून मोठे फटके, शेवटी खड्डाच, आणि दुसऱ्या दोघांत बक्षिसं छोटी पण शेवटी फायदा. साधी निरोगी माणसं थोडी पानं उचलल्यावर चांगल्या गठ्ठ्यांकडे वळायला लागली, आणि गंमत म्हणजे त्यांच्या हाताच्या कातडीवर घाम मोजणारं यंत्र लावलं होतं, वाईट गठ्ठ्याकडे हात जायच्या आधी तो घाम वाढायचा, कुठला गठ्ठा वाईट ते त्यांना तोंडाने सांगता यायच्याही आधी. आणि डोळ्यांच्या वरच्या बाजूला मेंदूच्या पुढच्या भागात इजा झालेले जे पेशंट होते, हुशार, बोलणं-गणित सगळं व्यवस्थित, त्यांना तो घाम यायचाच नाही. ते शांतपणे वाईट गठ्ठ्यातून पानं उचलत राहिले, त्यातल्या काहींना तर कुठला गठ्ठा वाईट हे कळलेलं असूनसुद्धा.

तुझ्या मेंदूला काही झालंय असं मी अजिबात म्हणत नाहीये, घाबरू नकोस. म्हणायचंय ते इतकंच की पोटात जो गोळा येतो ना, तो कामाचा असतो. तो गेला की माणूस धीट होतो असं नाही, कधी कधी नुसता ब्रेक निकामी झालेला असतो आणि गाडी अजून सरळ रस्त्यावर असल्यामुळे ते कळत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि पत्र वाचताना मी खरी थांबले ती इथे. टेबलवरून उठायची वेळ झाली की चिडचिड होते. म्हणजे "काहीच वाटत नाही" हे खरं नाही, वाटतंय की! फक्त हरण्याजिंकण्याचं वाटत नाही, खेळ थांबण्याचं वाटतंय. पैसा हा तुझ्यासाठी खेळत राहायचं तिकीट झालाय, जिंकलास तर पुढची रात्र मिळते, हरलास तर खिशातून टाकून पुढची रात्र मिळते, मग दोन्हीत फरक कसा जाणवणार.

जुगाराच्या व्यसनाचं निदान करताना मानसोपचारवाले ज्या खुणा बघतात त्या २०१३ च्या अमेरिकन यादीत, डीएसएम-५ मध्ये, नऊ आहेत, आणि वर्षभरात त्यातल्या चार किंवा जास्त असतील तर ते त्याला विकार म्हणतात. त्यातली एक म्हणजे तेवढीच मजा यायला दरवेळी जास्त रक्कम लागणं. एक म्हणजे कमी करताना किंवा थांबताना अस्वस्थ होणं, चिडणं. एक म्हणजे किती खेळतो ते घरच्यांपासून लपवणं. आता बघ, ५००/१००० ला जायची ओढ, उठताना चिडचिड, "ऑफिसचं काम". मी डॉक्टर नाही आणि पत्रावरून कुणाचं निदान करू पण नये, वरच्या स्टेकला, म्हणजे मोठ्या रकमेच्या टेबलला, जायची कारणं प्रत्येकाची वेगळी असतात हेही मान्य. पण त्या यादीत आणखी एक खूण आहे, हरलेले पैसे काढायला दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसणं, आणि त्याबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. ६० हजार शनिवारी रात्री गेले असतील तर रविवारी काय केलंस, ते मला नको सांगूस, स्वतःला सांग.

तिसरी गोष्ट जरा वेगळी आहे, आणि ती व्यसनाबिसनापेक्षा साधी आहे. ३ लाख ८० हजार जिंकल्यावर काही वाटलं नाही म्हणतोस, पण वाटावं असं त्या पैशांचं तू केलंस काय? बँकरोलला जोडले. म्हणजे बोटीवरून आले आणि बोटीवरच जाणार. त्यातून घरचा हप्ता भरला नाही, आईला काही घेतलं नाही, बायकोला कळलं ते सुद्धा बँकेच्या मेसेजवरून कळलं असेल. जो पैसा कधी घरात येतच नाही त्याच्या येण्याचा आनंद होणार तरी कसा, आणि त्याच न्यायाने तो गेल्याचं दुःख पण होत नाही. बँकरोल वेगळा ठेवावा हे बरोबरच आहे, सगळे शहाणे खेळाडू तेच सांगतात, पण ते अशासाठी की घराचा पैसा सुरक्षित राहावा. तुझ्याकडे ते बाय-इनसाठी घरातून पैसे जायला दार उघडं आणि घरी परत यायला बंद असं झालंय का ते जरा तपास. सोपी टेस्ट आहे, गेल्या दहा महिन्यांत पगाराच्या खात्यातून पोकरकडे किती गेले आणि पोकरकडून पगाराच्या खात्यात किती आले.

आणि आता तो हिशोब, ज्याच्या जोरावर तू मोठ्या टेबलचं बोलतोयस. तू म्हणतोस एकंदरीत प्लसमध्ये आहे. समजू या की तू खरंच चांगला आहेस आणि दर १०० हँडमागे ५ बिग ब्लाइंड कमावतोस, लाइव्हला हे शक्य आहे. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या नेहमीच्या प्रकारात दर १०० हँडला वरखाली व्हायचं प्रमाण, ज्याला स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतात, ते ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं, मधलं ९० धर. १० हजार हँडनंतर तुझी अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड आणि डेव्हिएशन ९०० (ते हँडच्या वर्गमुळाने वाढतं, शंभरपट हँडला दहापट). म्हणजे चांगला खेळाडू असूनसुद्धा १० हजार हँडनंतर तू तोट्यात असण्याची शक्यता २९ टक्के. तासाला पंचवीस-तीस हँडच्या हिशोबाने १० हजार हँड म्हणजे साडेतीनशे-चारशे तास, तुझ्या दोन वीकएंडच्या स्पीडने वर्षाच्या आसपास. आणि हेच गणित उलटं लाव, जो माणूस दर १०० हँडला ५ बिग ब्लाइंड हरणारा आहे तो सुद्धा वर्षभरानंतर २९ टक्के वेळा प्लसमध्ये असतो आणि स्वतःला प्रो समजून असेच प्रश्न विचारत असतो. तू त्या दोघांतला कोण, हे दहा महिन्यांच्या आकड्यांवरून ना मला कळणार ना तुला. त्यात एक टुर्नामेंट काढून टाकली तर प्लस उरतो का हे पण बघ.

आता हेच ५००/१००० ला. ९०० बिग ब्लाइंड म्हणजे ९ लाख रुपये. वर्षभरात ९ लाखाचं वरखाली होणं ही तिथे आपत्ती नाही, नेहमीची गोष्ट आहे, आणि तुझ्या घराचा हप्ता ४२ हजार आहे. शिवाय पत्त्यांच्या डावात जिंकलेल्या पैशांवर सपाट ३० टक्के टॅक्स, वर सेस, आणि लाइव्ह खेळात हरलेल्या रात्री त्यातून वजा करता येत नाहीत, तुझ्या सीएला विचार, तुझा सगळा प्लस तिथेच संपतोय की काय ते तो सांगेल. बस, खोली, खाणंपिणं, टेबलचा रेक (दर पॉटमधून कॅसिनो कापून घेतं तो वाटा) हे तर धरलंच नाही अजून.

तर ५००/१००० चं उत्तर नाही. ह्यात मी "दोन्ही बाजू आहेत" वगैरे म्हणणार नाही. भीती गेली म्हणून वर जायचं हे कारणच उलटं आहे, वर जायचं ते आकडे सांगतात म्हणून, आणि तुझे आकडे काहीच सांगत नाहीयेत. आणि मला अशी शंका आहे की तुला वर जायचंय ते जास्त कमवायला नाही, तर परत काहीतरी वाटावं म्हणून. तिथे वाटेल पण. पहिले दोन महिने धडधड होईल, पुन्हा पहाटे मित्राला फोन करशील. मग ९ लाखाचंही काही वाटेनासं होईल, आणि तेव्हा पुढचं टेबल कुठलं?

आता घरचं. बहिणीच्या मुलीची बातमी ऐकून "अरे वा" म्हणून फोन ठेवलास ही गोष्ट मला पोकरच्या सगळ्या गोष्टींपेक्षा महत्त्वाची वाटते, आणि तू ती बायकोच्या तक्रारीत ढकलून दिलीस. टेबलवरचा बोथटपणा टेबलवर राहिला तर तो कामाचा भाग म्हणता येतो, सर्जन लोक रक्त बघून हलत नाहीत पण घरी पोराचं गुडघं फुटलं की धावतातच. तो घरात आला असेल तर प्रश्न पोकरपुरता नाही. आधी काय आलं ते आठवून बघ. आधीपासूनच सगळं सपाट वाटायला लागलं होतं आणि रात्री चार टेबलं उघडली की निदान डोकं गुंतायचं म्हणून खेळ वाढला, असं झालं का? लॉकडाउनमध्ये हे पुष्कळ जणांचं झालंय. आवडत्या गोष्टीत रस नाही, झोप बिघडलीय, भूक नाही किंवा उगाच खातोय, सकाळी उठायला नको वाटतं, असं दोन आठवड्यांच्या वर सलग असेल तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला स्थितप्रज्ञ हे नाव दिल्याने ते बरं होत नाही. आणि हो, तुझी किंवा हे वाचणाऱ्या कुणाची डिप्रेशनची किंवा अँग्झायटीची औषधं चालू असतील तर काहींना त्या गोळ्यांमुळे पण असा भावनांचा बोथटपणा येतो, तर गोळ्या मनाने बंद न करता डॉक्टरला तसं स्पष्ट सांगा, डोस किंवा औषध बदलून बघता येतं.

मग करायचं काय. मला विचारशील तर तीन महिने पूर्ण बंद. घरचा गेम नाही, गोवा नाही, फ्री चिप्सवाली ॲप्स पण नाहीत, पोकरचे व्हिडिओ सुद्धा नकोत. शिक्षा म्हणून नाही सांगत, यातून तुलाच माहिती मिळेल म्हणून. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काय होतं ते बघ. वीकएंडला नुसता कंटाळा आला आणि मग हळूहळू बाकीच्या गोष्टींना चव यायला लागली तर बरंय, खेळ खूप झाला होता इतकंच. पण हात शिवशिवायला लागले, बायकोवर उगाच खेकसायला लागलास, "एकच सेशन, शेवटचं" असले सौदे डोक्यात सुरू झाले, तर तुझा प्रश्न तू मला विचारलास त्यापेक्षा मोठा आहे हे कळेल, आणि ते ९ लाखाच्या आधी कळलेलं बरं. आणि तीन महिने जमणारच नाही असं आत्ता वाचतानाच वाटत असेल तर उत्तर मिळालंच.

याच काळात सगळे सेशन एका शीटमध्ये लिहून काढ. तारीख, किती तास, किती घेऊन बसलास, किती घेऊन उठलास, प्रवासखर्च, टॅक्स. आठवत नसेल तर बँकेचं स्टेटमेंट आहेच. शेवटच्या कॉलमला तासाला किती सुटले ते काढ. आणि ती शीट बायकोला दाखव. एवढं वाक्य वाचून पोटात काहीतरी झालं असेल तर अभिनंदन, सगळं बधिर झालेलं नाहीये. मी गंमत करत नाहीये, बायकोला आकडा दाखवायची जी भीती आहे तीच पैशाची खरी किंमत आहे, टेबलवर ती चिप्सच्या मागे लपते. ती चिडेल, बहुतेक "ऑफिसचं काम" जास्त लागेल तिला, साठ हजारापेक्षा. ते ऐकून घे, त्यावर व्हेरियन्सचं, म्हणजे नशिबाच्या चढउतारांचं, लेक्चर देऊ नकोस.

तीन महिन्यांनंतर परत खेळावंसं वाटलं आणि शीट खरंच चांगली निघाली, घरी पण सगळं उघड आहे, तर मग आहे त्याच स्टेकला किंवा खालच्या स्टेकला खेळ. रात्रीला दोन बाय-इन, ते पण आधीच मोजून, बँकेचं कार्ड खोलीवर ठेवून. उठायची वेळ बोटीवर चढण्याआधीच ठरवायची, कारण तिथे बसल्यावर ठरवणारा माणूस वेगळा असतो. सेशन झाल्यावर झोपायच्या आधी तीन हँड लिहायचे, निकाल न लिहिता, फक्त तू काय केलंस आणि का. आणि महिन्याच्या शेवटी जिंकलेल्यातला काही भाग घरच्या खात्यात गेलाच पाहिजे, तिसरा हिस्सा म्हण, अर्धा म्हण, आणि त्याचं काहीतरी दिसणारं घ्या दोघांनी मिळून.

एक सावधगिरी, तुझ्यासाठी आणि जे ऑनलाइन बंद झाल्यावर हळहळतायत त्यांच्यासाठी. एजंट व्हॉट्सॲपवर चिप्स देतो आणि हिशोब आठवड्याने करतो असले जे प्रायव्हेट क्लब चालतात त्यांच्या वाटेला जाऊ नका. नव्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, पण म्हणूनच तिथे पैसे अडकले तर तुम्ही कुणाकडे तक्रार करणार? आणि उधारीवर चिप्स मिळाल्या की बधिरपणाला तळच राहत नाही, हरलोय ते आठवडाभराने कळतं.

बोलायला कुणी हवं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं काम करतंय, तिथे विचारता येईल. तुला "मी काही व्यसनी नाही" असं वाटत असेल तरी फोन करायला हरकत नाही, फोन करण्यासाठी तेवढं सिद्ध करावं लागत नाही.

शेवटी तुझ्यासारख्यांच्या घरच्यांसाठी, कारण हे पत्र छापल्यावर मला मेसेज त्यांचेच जास्त येणार. नवरा किंवा मुलगा हरला तरी शांत असतो म्हणजे त्याच्या हातात सगळं आहे असं धरून चालू नका, आणि जिंकून आला तरी गप्प आहे म्हणून "तुला कशाचंच काही नाही" असं टोचूही नका, त्याने तो अजून गप्प होतो. विचारायचं तर सरळ आकडा विचारा, किती गेले, किती आले, कुठल्या खात्यातून, कर्ज काढलंय का, ॲपवरून झटपट लोन घेतलंय का. कर्ज निघालं तर गुपचूप दागिने मोडून ते फेडू नका, फेडलं की टेबलवर परत जागा मोकळी होते. आधी सगळा हिशोब कागदावर, पगाराचं खातं दोघांच्या नजरेत, हप्ता पगाराच्या दिवशीच वळता, आणि मग कर्जाचं काय ते बसून ठरवा. टेलि-मानसला घरचे लोक पण फोन करू शकतात, पेशंट तयार व्हायची वाट बघायची गरज नाही.